अपघात, दुरुस्ती आणि जुन्या मोटारीचे मोल

बेळगावच्या उत्तरेस पुणे-बंगळूर राजमार्गावर लागणारे काकती हे गाव आपणांस राणी चन्नम्मेचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. याच मार्गाने निपाणी-कोल्हापूरकडील मोटारी रोज ये-जा करतात, आणि त्यांतल्या कित्येक एका मालकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात असतात. एकाच वर्षी बनलेल्या, सारख्याच धावलेल्या दोन मोटारी घ्या. एक अपघातानंतर दुरुस्त झालेली, दुसरी अभंग. रंगाला दोन्ही सारख्याच. तरीही अपघाताचा नुसता उल्लेख झाला की गिऱ्हाईक हात आखडता घेते. हा केवळ संशयी स्वभाव नव्हे. त्यामागे इतिहास आहे.

मोटार येण्यापूर्वी हाच व्यवहार जनावरांचा होता. बैलाचे दात मोजणारा आणि खांद्याची सूज चाचपणारा शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नसे. कायद्यानेही त्याला तेच शिकविले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा गप्प राहिला, तर तेवढ्याने लबाडी होत नाही. मात्र घेणाऱ्याने, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन," असे बजावले आणि तरीही विकणारा गप्प बसला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. घोड्याच्या जागी मोटार आली, पण कलम अजून तेच आहे. म्हणून विचारणाऱ्याने स्पष्ट, आणि शक्यतो लेखी, विचारावे.

आता मोटारीकडे वळू. आरंभीच्या मोटारींना लोखंडी चौकट, म्हणजे चासी असे. वरचे अंग तिच्यावर बोल्टांनी बसविलेले. मडगार्ड चेपले तर काढून ठोकावे, नाहीतर दुसरे लावावे. चौकट सरळ असली की किमतीला फारसा धक्का बसत नसे. पुढे पत्र्याचे अंग हीच चौकट झाली. युरोपात १९३४ च्या सित्रोएनने ही रचना लोकप्रिय केली. आपल्याकडे अँबॅसडर आणि फियाट ११०० याच पद्धतीच्या होत्या. यामुळे अपघाताचा अर्थच बदलला. दाराचा चेपलेला पत्रा ही अजूनही किरकोळ बाब आहे. पण दारामधला खांब, दाराखालची पट्टी किंवा इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पुढचे दांडे वाकले, की मोटारीचा सांगाडाच वाकतो. आजच्या मोटारींत तर पुढचा भाग धक्का शोषून स्वतः चुरगळावा अशीच योजना असते. एकदा चुरगळलेला पत्रा ओढून सरळ केला तरी दिसायला सरळ होतो, त्याचे पहिले बळ परत येत नाही. वर लांबी भरून रंग चढविला की डोळ्यांना काही कळत नाही. चुंबक मात्र फसत नाही; लांबीच्या जाड थरावर तो धरतच नाही.

मग जुन्या काळी अशा मोटारी चांगल्या भावाने कशा खपत? कारण नव्या मिळतच नसत. १९५९ च्या नियंत्रण आदेशाखाली मोटारींची वाटणी होई आणि नंबर लागायला वर्षे जात. दुर्मीळ वस्तूची खोड कोण पाहणार? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढे निवड वाढत गेली, आणि खोड पाहण्याची चैन सामान्य गिऱ्हाइकाला परवडू लागली.

याच्या थोडे आधी, १९७० साली, जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावरच निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सर्वांनाच कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, असे त्याचे म्हणणे. त्याला २००१ साली नोबेल मिळाले. बैलबाजारातल्या दलालाला यात नवे वाटले नसते, ही गोष्ट निराळी.

म्हणजे भाव उतरतो तो दुरुस्तीपेक्षा अधिक अज्ञानामुळे. आणि आपल्या सीमाभागात अज्ञानाला वाव अधिक. नोंदणीपत्रात चासीचा व इंजिनाचा क्रमांक असतो, अपघात नसतो. कोल्हापूरचा ०९ क्रमांक सोडून गाडी बेळगावच्या २२ मध्ये आली, की तिकडचा गॅरेजवाला, तिकडचा पंचनामा तिकडेच राहतो. विम्याच्या कागदावरील निर्दावा सवलत थोडे सांगते. ती ५० टक्के असेल तर सलग पाच वर्षे दावा झालेला नाही. पण ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे, आणि जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर नेता येते. तेव्हा तेवढ्यावर भुलू नये. उलट ज्याने दुरुस्तीची बिले आणि मोडलेल्या गाडीची छायाचित्रे जपून ठेवली आहेत, त्याच्याशी घासाघीस थोडक्यात आटोपते.

उतरलेल्या किमतीची भरपाई कोण देणार? अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली विमा कंपनीवर ती जबाबदारी टाकली. आपल्याकडील नेहमीची पॉलिसी दुरुस्तीचा खर्च देते. बाजारात उतरलेला भाव तीत धरलेला नसतो, आणि ती तूट मालकालाच सोसावी लागते.