धाम्पीर : व्हॅम्पायरचा मुलगा खेळाच्या टेबलावर कसा आला?

१/
मे २०२१ मध्ये 'व्हॅन रिख्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूंना अर्ध्या व्हॅम्पायरचे पात्र अधिकृतपणे घेता येऊ लागले. या पात्राला 'धाम्पीर' म्हणतात. हे नाव खेळाच्या लेखकांनी रचलेले नाही. त्यामागे बाल्कन खेड्यातील एक विधवा, तिचे मूल आणि त्या मुलाच्या वाट्याला आलेला एक विलक्षण धंदा आहे. आजचा थ्रेड या तिघांविषयी.

२/
ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण 'डन्जन मास्टर' होतो आणि काल्पनिक जग उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात वावरतात. पात्राने काय करायचे ते खेळाडू ठरवतो, जमले की फसले ते फासे ठरवतात. पात्राचा वंश, कौशल्ये आणि मर्यादा नियमांत लिहिलेल्या असतात. म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नियम वाचण्यासारखे वाटतात. एखादा समाज एखाद्या कल्पनेकडे कसा पाहतो, हे त्यांतून नेमके कळते.

३/
२०२१ च्या नियमांतील धाम्पीर अंधारात पाहू शकतो, त्याला श्वासाची गरज नाही आणि तो कोळ्यासारखा भिंतीवर चढतो. त्याच्या चाव्याची इजा चार बाजूंच्या फाशाने ठरते. स्वतःचे निम्मे किंवा अधिक हिट पॉइंट्स गमावलेले असतील, तर चावा अचूक बसण्याची शक्यता वाढते. आणि त्या चाव्यातून तो आपली शक्ती भरूनही काढू शकतो. शिवाय त्याला एक भूक असते. रक्त, कच्चे मांस, स्वप्ने, जीवनशक्ती अशा यादीतून ती निवडायची. पात्राचे सारे नाट्य या भुकेभोवती फिरते.

४/
बाल्कन लोकश्रद्धेतील धाम्पीराची ओळख मात्र भुकेने होत नाही. तिथे तो मुख्यतः कामाचा माणूस आहे. संकटात सापडलेले गाव त्याला बोलावते, तो काम करतो, मोबदला घेतो आणि निघून जातो. गावाचा हा कारागीर आपल्याच रक्ताशी झुंजणारा एकाकी नायक कसा झाला? त्यासाठी तीनशे वर्षे मागे जावे लागेल.

५/
१७१८ च्या पासारोवित्झच्या तहाने उत्तर सर्बिया ऑटोमन साम्राज्याकडून हाब्सबर्ग राजवटीकडे गेला. नव्या अधिकाऱ्यांना तेथील खेड्यांत एक अपरिचित प्रथा आढळली. गावकरी संशयित मृतांची थडगी उकरून प्रेते नष्ट करीत. १७२५ मध्ये किसिलेव्हो गावात पेतार ब्लागोयेविच नावाच्या शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. परवानगी मिळाली नाही तर आम्ही गाव सोडू, असे लोकांनी फ्रोम्बाल्ड या शाही अधिकाऱ्याला बजावले. त्याच्या समक्ष प्रेत उकरले गेले, त्यात खुंटा ठोकला गेला आणि ते जाळले गेले.

६/
फ्रोम्बाल्डचा अहवाल त्याच वर्षी व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. व्हॅम्पायरच्या इतिहासात तो नेहमी उद्धृत होतो, पण त्यातील एका ओळीकडे सहसा लक्ष जात नाही. ती ब्लागोयेविचच्या बायकोविषयी आहे. मेलेला नवरा आपल्याकडे आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या, असे तिने सांगितले. त्यानंतर ती गाव सोडून दुसरीकडे निघून गेली. नऊ मृत्यूंची नोंद करणाऱ्या अहवालात तिच्या वाट्याला एवढेच आले आहे.

७/
मृत नवरा घरी परततो, ही त्या प्रदेशातील जुनी श्रद्धा. सर्बियन भाषेचा आद्य कोशकार वुक कराजिच याने आपल्या कोशात 'वुकोद्लाक' या शब्दाखाली ती नोंदवली आहे. हा मृतात्मा कधीकधी आपल्या बायकोकडे येतो, विशेषतः ती तरुण आणि सुंदर असेल तर. आणि त्यातून जन्मलेल्या मुलाला हाडे नसतात, असे लोक सांगत. काही परंपरांत असे मूल फार जगत नाही. काहींत ते मोठे होते, आणि इतरांना न दिसणारे व्हॅम्पायर त्याला दिसतात.

८/
या मुलाला अनेक नावे होती. त्यांतले एक 'व्हॅम्पीरोविच'. 'ओविच' हा प्रत्यय योव्हानोविच, पेत्रोविच या आडनावांतलाच. अर्थ, 'अमक्याचा मुलगा'. 'धाम्पीर' हे नाव अल्बानियन भाषेशी जोडले जाते. 'दात' आणि 'पिणे' या अर्थांच्या दोन शब्दांतून ते झाले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती सर्वमान्य नाही. पण त्यातले 'पिणे' या अर्थाचे अल्बानियन क्रियापद 'पी' आणि आपले 'पिणे' ही एकाच इंडो-युरोपीय धातूची अपत्ये आहेत, हे मात्र खरे.

९/
आता 'व्हॅम्पीरोविच' या नावाचा सामाजिक अर्थ पाहा. पितृसत्ताक खेड्यात नवऱ्याच्या मृत्यूनंतर बराच काळ लोटल्यावर विधवेला मूल झाले, तर तिची गय होत नसे. व्हॅम्पायरचे सोंग घेऊन विधवेकडे जाणाऱ्या प्रियकरांच्या कथाही बाल्कन प्रदेशात नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे खरे काय घडले असावे, याची गावालाही कल्पना होती. तरीही 'हे मूल मेलेल्या नवऱ्याचेच' असे म्हणण्याची एक वाट श्रद्धेने खुली ठेवली होती. मूल विचित्र ठरे, पण निनावी राहत नसे. त्याला बाप मिळे, आणि बापाचे नाव मिळे.

१०/
त्या नावाबरोबर एक धंदाही मिळे. सर्बियन लोकसंस्कृतीचे अभ्यासक तातोमिर व्हुकानोविच यांनी कोसोव्होतील रोमा समाजात या श्रद्धेची माहिती गोळा केली. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार व्हॅम्पायरला मारण्याची शक्ती फक्त त्याच्या वंशजांत असते आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. बाहेरच्याला ही विद्या शिकता येत नाही. ज्या जन्मामुळे माणूस गावाच्या कडेला ढकलला जायचा, तोच जन्म इथे त्याची पात्रता ठरला.

११/
त्याच्या कामाची पद्धतही नोंदलेली आहे. तो गावात येतो. सदऱ्याची बाही डोळ्याला लावून दुर्बिणीतून पाहावे तसा चहूकडे पाहतो. व्हॅम्पायर कोणत्या रूपात आहे, कुठे उभा आहे, हे जमलेल्यांना सांगतो. मग अदृश्य शत्रूशी झटापट सुरू होते. लोकांना दिसतो तो फक्त हवेशी झुंजणारा एक माणूस. अखेरीस तो शत्रू मेल्याचे जाहीर करतो. मोबदला म्हणून पैसे, कपडे किंवा गुरे मिळत.

१२/
याला निव्वळ फसवणूक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण किसिलेव्होची आठवण ठेवा. जिथे असा माणूस नव्हता, तिथे भयभीत गावाने थडगे उकरले. धाम्पीराच्या विधीत मात्र प्रेताला हात न लावताही संकट संपल्याचे जाहीर करता येत असे. गावाची भीती एका माणसाच्या अंगावर घेतली जाई आणि सर्वांच्या देखत संपवली जाई. त्यासाठी गावाला एका गोष्टीची गरज होती : ज्याच्या जन्माविषयी कुजबुज होते, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवण्याची.

१३/
युरोपीय साहित्याने व्हॅम्पायर उचलला, तेव्हा ही खेडी मागे पडली. १८१९ मध्ये पोलिडोरीने त्याला उमराव केले. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' लिहिली. या कादंबरीत धाम्पीर नाही, पण त्याचे काम आहे. ड्रॅक्युलाचे रक्त प्यायला भाग पाडली गेलेली मीना अर्धी त्याच्या कह्यात जाते. व्हॅन हेल्सिंग तिला संमोहित करतो आणि ड्रॅक्युला कुठे आहे, हे तिच्याकडून काढून घेतो. इतरांना न दिसणारा शत्रू ज्याला जाणवतो, असा माणूस इथेही शिकाऱ्यांच्या बाजूला आहे.

१४/
आता टेबलाकडे वळू. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवीत होता. त्यात एका खेळाडूचे पात्र 'सर फँग' हा व्हॅम्पायर झाला आणि कुणालाच आवरेना. त्याला तोंड देण्यासाठी चित्रपटांतील व्हॅन हेल्सिंगच्या धर्तीवर एक धर्मगुरू पात्र घडवले गेले. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील तीन मूळ वर्गांपैकी एक 'क्लेरिक' होता. आज हजारो टेबलांवर जखमा भरणारे हे पात्र मुळात व्हॅम्पायर झालेल्या एका खेळाडूला रोखण्यासाठी जन्मले.

१५/
भूक कुठून आली? १९७३ मध्ये मार्व्हलच्या 'टूम ऑफ ड्रॅक्युला' या कॉमिक्समध्ये ब्लेड अवतरला. प्रसूतीच्या वेळी त्याच्या आईला व्हॅम्पायरने चावलेले असते. पण त्या ब्लेडला व्हॅम्पायरचा चावा बाधत नव्हता, एवढेच. औषधाने दाबावी लागणारी रक्ताची तहान त्याला १९९८ च्या चित्रपटात लागते. मधल्या काळात जपानमध्ये हिदेयुकी किकुची यांच्या 'व्हॅम्पायर हंटर डी' (१९८३) या कादंबरीने आणि 'कॅसलव्हेनिया' खेळांतील अलुकार्डने देखणा, अबोल, स्वतःच्या रक्ताला भ्यालेला अर्धव्हॅम्पायर रुजवला होता. शत्रू बाहेर होता तो आत गेला.

१६/
'पाथफाइंडर' या दुसऱ्या खेळाने ही घालमेल थेट नियमात बसवली. त्याच्या पहिल्या आवृत्तीतील धाम्पीर जिवंत असूनही जादूच्या दृष्टीने मृतांत मोडतो. क्लेरिकच्या ज्या शक्तीने सोबत्यांच्या जखमा भरतात, तिनेच त्याला इजा होते. नियम एका ओळीचा, पण टेबलावर त्याचा परिणाम मोठा. लढाई संपते, सगळे क्लेरिकभोवती गोळा होतात आणि एक जण दूर उभा राहतो.

१७/
२०२१ च्या नियमांत आणखी एक बदल आहे. तिथे धाम्पीर होण्यासाठी व्हॅम्पायरच्या पोटी जन्म घेण्याची आवश्यकता नाही. हल्ल्यातून वाचलात, अंगात एखादा परजीवी आहे, अशी कारणेही चालतात. खेळ म्हणून हे योग्यच. खेळाडूला जितके पर्याय तितके चांगले. पण या प्रवासात काय गळून पडले, ते लक्षात घ्यावे. आधी गाव गेले, मग मोबदला गेला, आणि शेवटी आईही ऐच्छिक झाली. उरली ती भूक.

१८/
म्हणून धाम्पीराचे पात्र घेणार असाल, तर कागदावर भूक लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहून पाहा. आईचे नाव काय, आणि ती अजून त्याच गावात राहते की तिलाही गाव सोडावे लागले? तुम्हाला कोण बोलावते, आणि काम झाल्यावर जेवायला घरात घेते की अंगणात बसवते? मोबदला काय घेता, आणि कुणाकडून घेत नाही?

१९/
आणि तुम्ही डन्जन मास्टर असाल, तर एकदा अदृश्य शत्रू आणा. त्याचे वर्णन चिठ्ठीवर लिहून फक्त धाम्पीराच्या खेळाडूला द्या. बाकीच्यांना दिसेल तो बाहीतून पाहणारा आणि हवेत वार करणारा आपला सोबती. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचे. त्यासाठी कुठलाही नवा नियम लागत नाही.

२०/
किसिलेव्होच्या त्या बाईचे नाव फ्रोम्बाल्डने लिहून ठेवले नाही. ती कोणत्या गावी गेली, हेही त्याने लिहिले नाही. तीनशे वर्षांत तिचा नवरा जगभर पोहोचला. तिच्यासारख्या बायकांच्या मुलांची नावे खेळांच्या पुस्तकांत आली. पुढच्या वेळी कुणी टेबलावर धाम्पीर घेऊन बसले, तर त्याला एवढेच विचारा : तुझी आई कुठे असते?