मॉलमधली नोकरी धरताय? हातात किती पडतात, काय कापलं जातं, ते आधी बघा

कोल्हापूर : बारावी झाली, एमआयडीसीत लोखंडाचं काम नको आणि घरची शेती दोन भावांत पुरत नाही. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडची अशी बरीच पोरं-पोरी आता शहरातल्या मोठ्या मार्टमध्ये कामाला लागतात. कुणी बिलिंगला, कुणी रॅक लावायला, कुणी गोडाऊनला.

मोठं दुकान कोल्हापूरला नवं नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात सहकारातून उभा राहिलेला वारणा बझार जिल्ह्याला माहीत आहेच. पण तिथलं दुकान सभासदांचं. आत्ताच्या साखळी दुकानांचा कारभार वेगळा. डी-मार्टचंच घ्या. 2002 साली पवईत पहिलं दुकान निघालं, 2017 ला कंपनी शेअर बाजारात आली. अशा ठिकाणी हजेरी मशीनवर, पगार बँकेत.

पगाराचा हिशोब एकदा मांडूनच बघू. समजा एकूण पगार 14,000 आणि त्यात मूळ पगार 12,000. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440 कापले जातात. ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 105. पुरुषाचा व्यवसाय कर 200. महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे. हातात पडतात पोराला 12,255 आणि पोरीला 12,455. ‘14 हजार सांगितले आणि 12 दिले’ म्हणून भांडण होतं ते इथंच. पण कापलेले पैसे बुडत नाहीत. मालकही पीएफचे 1,440 भरतो, त्यातले साधारण 1,000 पेन्शनला जातात. पैसे खरंच जमा होतात का, हे उमंग ॲपवर यूएएन नंबर टाकून दर महिन्याला बघावं.

ईएसआय तर घरादाराला उपयोगी. पगार 21,000 पर्यंत असेल तर घरच्यांनाही उपचार मिळतात. आजारपणात ठराविक अटींवर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. बाजारपेठेतल्या छोट्या दुकानात रोख पगार घेणाऱ्याला हे सहसा मिळत नाही. मार्टच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

आता दुसरी बाजू. दिवसभर उभं राहायचं. कामाच्या ठिकाणी बसायला जागा द्या, असा कायदा केरळनं 2018 ला आणि तमिळनाडूनं 2021 ला केला, तो उगाच नाही. रविवार आणि दिवाळी हे गर्दीचे दिवस, त्यामुळे गावाकडं ऊसतोड असो की लक्ष्मीपूजन, सुट्टी मिळणं अवघड. साप्ताहिक सुट्टी मात्र द्यावीच लागते. त्या दिवशी कामाला बोलावलं तर बदली रजा मिळते.

दिवसाला 9 तासांची मर्यादा 10 वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये घेतला, पण आठवड्याचे 48 तास तेच आहेत. त्यावर काम केलं तर पैसे दुप्पट. रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही. थांबली तर सुरक्षा आणि घरी सोडायची सोय मालकाकडं. गावाकडची शेवटची एसटी कधी सुटते, हे शिफ्ट ठरवतानाच बोलून घ्या. खोली भाड्यानं घ्यायची वेळ आली तर वरचा सगळा हिशोब कोलमडतो.

गल्ल्यात पैसे कमी भरले की थेट पगारातून कापतात, अशी तक्रार पुष्कळांची. चूक त्याच कामगाराच्या हलगर्जीपणानं झाली असेल आणि त्याला बाजू मांडू दिली असेल, तरच कपात करता येते. बऱ्याच जणांची भरती ठेकेदारामार्फत असते. नेमणूकपत्रावर नाव कुणाचं आहे ते वाचा. ठेकेदारानं पगार थकवला तर मुख्य कंपनीवर जबाबदारी येते. तक्रार कोल्हापुरातल्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

कंपनी मोठी म्हणजे नोकरी पक्की, असंही नाही. बिग बझार देशभर पसरलेलं होतं, 2022 मध्ये त्याचा कारभार गुंडाळला गेला. म्हणून पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दुसरीकडं जाताना पीएफ काढून टाकू नका, त्याच यूएएनवर वळता करून घ्या.