सावलीची कड

स्नेहसंमेलनाचे फोटो हातात आले की शाळेत काही तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिल्या रांगेतल्या मुलांचे चेहरे पीठ फासल्यासारखे पांढरे, मागच्या रांगेतली मुले अंधारात, आणि भिंतीवर काळ्याकुट्ट सावल्या. तळेगाव दाभाडे येथील एका शाळेत असेच फोटो पाहत आम्ही शिक्षकांबरोबर बसलो होतो. "स्टुडिओत असते तशी पांढरी छत्री हवी. पण ती शाळेला कुठून परवडणार?" असे एक बाई म्हणाल्या. छत्रीच्या किमतीकडे वळण्याआधी ती छत्री नेमके काय करते, हे पाहायला हवे. त्याची सुरुवात तळेगावातूनच करता येईल.

१९०८ साली या गावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अगदी साधी होती: देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले. परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांचे ज्ञान कारखान्याच्या कामी आले. येथे शिकलेले कारागीर पुढे देशातील इतर काच कारखान्यांत गेले. त्या काळी बांगड्यांपासून दिव्यांच्या काचांपर्यंत कितीतरी वस्तू परदेशातून येत असत.

दिव्याच्या काचेतच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. कंदिलाची पारदर्शक काच ज्योतीला वाऱ्यापासून जपते, पण सावली जशीच्या तशी ठेवते. त्याच ज्योतीभोवती दुधी काचेचा गोळा बसवला की सावलीची कड विरघळू लागते. तेल तेवढेच, ज्योत तेवढीच. उलट थोडा उजेड काचेतच शोषला जातो. बदलतो तो उगमाचा आकार. आता उजेड दोन बोटे रुंदीच्या ज्योतीऐवजी वीतभर रुंदीच्या गोळ्यावरून निघतो.

ग्रहण शिकवताना आपण प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द वापरतो. उगम बिंदूएवढा असेल तर फक्त प्रच्छाया पडते. उगम रुंद असेल तर प्रच्छायेभोवती उपच्छाया दिसते, कारण तेथून उगमाचा काही भाग दिसतो व काही झाकला जातो. या उपच्छायेलाच छायाचित्रकार मऊ सावली म्हणतात.

हे ज्ञान जुने असूनही फ्लॅशचा इतिहास उलट्या दिशेने गेला. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मिथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड व पोटॅशियम क्लोरेट यांचे मिश्रण पेटवून फोटो काढण्याची रीत पुढे आणली. भडका मोठा होई, खोली धुराने भरे आणि हात भाजण्याचे भय असे. १९३० च्या सुमारास काचेच्या बंद फुग्यात जळणारे फ्लॅशबल्ब बाजारात आले. १९३१ पासून अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा क्षणिक झोत सोडण्याचे तंत्र विकसित केले. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याच घराण्यातला. प्रत्येक पायरीवर धोका कमी झाला, सोय वाढली आणि उगम मात्र लहान होत गेला. भडक्याच्या जागी ताटलीएवढा परावर्तक आला, मग कॅमेऱ्यावरच बसणारी ५-६ सेंटिमीटर रुंदीची खिडकी आली, आणि मोबाइलमध्ये तर वाटाण्याहून लहान ठिपका उरला. उगम जितका लहान, तितकी सावलीची कड तीक्ष्ण.

सिनेमावाल्यांना मात्र पहिल्यापासून उगम मोठा करण्याची गरज भासली. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १८९७ साली काचेच्या छपराचा स्टुडिओ बांधला. ऊन मऊ करण्यासाठी त्यांनी चौकटींवर ट्रेसिंगचे कापड ताणून बसवले होते. आपल्याकडे दादासाहेब फाळके तळेगावच्याच लोहमार्गावर, लोणावळ्याला, १९०८ च्या सुमारास छपाईचे ठसे करण्याच्या व्यवसायात होते. पुढे त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. त्यांचा मुख्य दिवा सूर्यच होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. दिवे आले तशा सावल्याही वाढल्या.

यावरचा सर्वांत बोलका तोडगा १९५६ सालच्या सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' या चित्रपटात सापडतो. बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. तेथे आकाशातून उतरणारा सावलीविरहित उजेड हवा होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिवे माणसांवर न रोखता त्या कापडावर रोखले. कापडावरून परतलेला उजेड खाली उतरला, तो आकाशाच्या उजेडासारखाच. कापडाच्या पांढऱ्या तुकड्याने येथे आभाळाचे काम केले.

आता शाळेच्या फोटोकडे परत येऊ. डोके फिरवता येणारा फ्लॅश असेल तर तो पांढऱ्या छताकडे वळवावा. छतावरचा उजळलेला मोठा भाग हाच नवा उगम होतो. मागच्या रांगेचा प्रश्नही येथेच बराचसा सुटतो. कॅमेऱ्यापासून पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल, तर सरळ मारलेल्या फ्लॅशचा मागच्या मुलांना एक चतुर्थांशच उजेड मिळतो. हा व्यस्त वर्गाचा नियम आहे. छतावरचा उजळ भाग पहिल्या रांगेपासून साधारण २ आणि शेवटच्या रांगेपासून ३ मीटर असेल, तर चौपटीचा फरक सव्वादोन पटींवर येतो. उजेड एकूण कमी होतो, म्हणून भिंगाचे छिद्र मोठे करावे लागते. छत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो, हेही लक्षात ठेवावे.

छत उंच किंवा कौलारू असेल तर साधारण ३० सेंटिमीटर रुंदीचा पांढरा पुठ्ठा घ्यावा. फ्लॅशचे डोके वर करून पुठ्ठा त्याच्या मागे रबरबँडने बसवावा आणि पुढे किंचित झुकवावा. दुसरा उपाय म्हणजे बुटांचे खोके: आतून पांढरा कागद चिकटवायचा, समोरची बाजू कापून तेथे बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर लावायचा, आणि मागच्या भोकातून फ्लॅश आत सोडायचा. फ्लॅश आणि कागद यांत वीतभर अंतर हवे. जुना फ्लॅश उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. आतल्या संधारित्रावर सुमारे ३०० व्होल्टचा भार असतो आणि तो बंद केल्यावरही काही काळ टिकतो.

येथे एक चूक वारंवार होते. अनेक जण कागदाचा तुकडा थेट फ्लॅशच्या खिडकीवर चिकटवतात. उजेड पसरतो, कमीही होतो, पण उगमाचा आकार जवळजवळ तेवढाच राहतो. लहान खोलीत भिंतींवरून परतलेल्या उजेडामुळे थोडा फायदा दिसतो. मोकळ्या मैदानात जवळपास काहीच दिसत नाही. कागद कोणता, यापेक्षा तो किती मोठा आणि किती अंतरावर, हे महत्त्वाचे.

हे वर्गात मोजून पाहता येते. उगमाची रुंदी गुणिले वस्तू ते भिंत हे अंतर, भागिले उगम ते वस्तू हे अंतर, म्हणजे उपच्छायेची रुंदी. फ्लॅशची खिडकी ६ सेंटिमीटर, मूल २ मीटरवर आणि भिंत त्याच्या ५० सेंटिमीटर मागे असेल, तर उत्तर १.५ सेंटिमीटर येते. पुठ्ठा ३० सेंटिमीटरचा असेल तर तेच ७.५ सेंटिमीटर होते. अंधाऱ्या वर्गात टॉर्च, पट्टी आणि कोरा कागद घेऊन मुलांनी स्वतः कड मोजावी. मग टॉर्चपुढे वीतभर अंतरावर ट्रेसिंग पेपरची चौकट धरून पुन्हा मोजावी. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, यावर एक तास सहज रंगेल.

त्या शाळेत आम्ही बुटांचे खोके आणि बटर पेपर एवढ्यावर पुन्हा फोटो काढला. भिंतीवरच्या काळ्या सावल्या फिकट झाल्या. मागची रांग अजून थोडी अंधारात होती. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "खोके तिप्पट मोठे केले तर मागची रांगही उजळेल का?" आम्ही उत्तर दिले नाही. कागद, कात्री आणि पट्टी तिच्या पुढे ठेवली.