पेशी ओढते की ढकलते?

मे महिना सरत आला की रायगडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायची घाई सुरू होते. काही जण पुढून दोर ओढतात, काही मागून खांदा लावतात. गर्भात मेंदू घडताना चेतापेशींनाही असाच प्रवास करावा लागतो. त्या जन्मतात एकीकडे आणि कायमच्या वसतात दुसरीकडे. त्यांना ओढते कोण, ढकलते कोण?

१८९० मध्ये स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या चेतातंतूचे शंकूसारखे टोक पाहिले. समोर होते मृत ऊतींचे रंगवलेले काप. तरीही, हे टोक धडक देत अडथळे बाजूला सारत असणार, असे त्यांनी ताडले. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या लसिकेच्या थेंबात जिवंत तंतू वाढताना पाहिला. हालचाल दिसली, पण बळ मोजायचे राहिले. १९८९ मध्ये अमेरिकेत लामुरो, बक्सबाम आणि हाइडमन यांनी चेतापेशीला काचेची बारीक सुई जोडली. टोक पुढे सरकले तशी सुई वाकली आणि ती किती वाकली यावरून बळ कळले. टोक चक्क ओढत होते!

स्थलांतर करणाऱ्या पेशीला मात्र आपले जड केंद्रकही न्यावे लागते. ती आधी एक बाहू पुढे पाठवते. त्याने पकड घेतली की केंद्रक मागोमाग सरकते. पुढून डायनीन हे प्रथिन सूक्ष्मनलिकांच्या आधाराने ते ओढते, मागून मायोसिन आकुंचन पावून ढकलते. म्हणजे होडीचीच तऱ्हा! डायनीनच्या मदतनीस प्रथिनाचे जनुक, लिस-१, १९९३ मध्ये ओळखले गेले. त्यात दोष असला तर पेशी वाटेतच अडतात, मेंदूला वळ्या पडत नाहीत. बाळाला झटके येतात, बौद्धिक वाढ खुंटते.

मांडव्याहून खाडीपलीकडे दिसते ती मुंबई. तिथे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने २००७ मध्ये उंदराच्या गर्भात पेशींचा एक प्रवाह शोधला. अग्रमेंदूच्या मागच्या भागातून निघून तो भावनांशी निगडित अमिग्डालापर्यंत जातो. पुण्याच्या आयसरमध्ये अर्णब घोष यांच्या गटाने २०१६ मध्ये फॉर्मिन-२ हे प्रथिन तंतूच्या टोकाची पकड टिकवते, असे दाखवले.

काहाल यांनी स्थिर चित्रात हालचाल ओळखली. ओढ की धक्का, हे मात्र मोजल्यावरच ठरले. फळ्यावर मेंदूची आकृती काढाल तेव्हा मुलांना एवढे जरूर विचारा: या पेशी इथे पोहोचल्या कशा?