निळं व्हायला किती सेकंद?

बारावीच्या केमिस्ट्री जर्नलमधली माझी सगळी रीडिंग्ज अचूक होती, कारण ती मी घेतलेलीच नव्हती. आमच्या लॅबमध्ये थायोसल्फेटची बाटली रिकामी होती, पण सीनियर्सचं जर्नल भरलेलं होतं. क्लॉक रिअ‍ॅक्शन मी पहिल्यांदा पाहिली ती पुढे यूट्यूबवर.

हा प्रयोग जादू दाखवायला जन्मला नव्हता. १८६०च्या दशकात ऑक्सफर्डमधले रसायनतज्ज्ञ हारकोर्ट आणि गणिती एसन यांना रासायनिक क्रियेचा वेग मोजायचा होता. त्यांनी पेरॉक्साइड आणि आयोडाइडमध्ये थोडं थायोसल्फेट आणि स्टार्च घातलं. तयार होणारं आयोडीन थायोसल्फेट लगेच गिळतं, म्हणून द्रावण पाण्यासारखं राहतं. थायोसल्फेट संपलं की क्षणात निळं! ती वेळ लिहायची, पुन्हा थायोसल्फेट घालायचं, पुन्हा वाट बघायची. १८८६ मध्ये लँडोल्टने आयोडेट आणि सल्फाइट घेऊन असंच घड्याळ मांडलं.

कॉलेजची बस रोज पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सवरून जायची. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५४ मध्ये उभी राहिलेली ही सरकारी कंपनी १९५५ पासून पेनिसिलिन बनवू लागली. टेल्को इथे यायच्याही आधी.

पेनिसिलिन पाण्यात हळूहळू निकामी होतं. म्हणून कुपीत कोरडी पावडर असते आणि पाणी ऐनवेळी घालतात. औषध किती शाबूत आहे हे मोजायची एक पद्धत १९४६ मध्ये आली. अखंड पेनिसिलिन आयोडीनला हात लावत नाही, अल्कलीने फोडलेलं मात्र ते खातं. उरलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. दोन मापांतल्या फरकावरून औषध किती ते कळतं. म्हणजे आमच्या लॅबमधलीच सामग्री, पण इथे आकडा उतरवून काढला तर त्याची किंमत पेशंट मोजणार.

मी आता चाकणच्या एका प्लांटसाठी डॅशबोर्ड लिहितो. मागच्या आठवड्यात एक सेन्सर बंद होता. डेमोसाठी मी आकडा हार्डकोड केला. कुणाला कळलं नाही. मला मात्र जर्नल आठवलं.

रविवारी टिंक्चर आयोडीन, व्हिटॅमिन सीची गोळी, पेरॉक्साइड आणि कॉर्नफ्लॉवरचं पाणी घेऊन भाचीबरोबर ओट्यावर बसलो. पहिल्यांदा ४७ सेकंद, मग ५३. कोमट पाण्यात २१. जर्नलइतके सुबक आकडे नव्हते. भाचीने विचारलं, "मामा, बरोबर कुठला?"

"तिन्ही," मी म्हणालो.

सोमवारी तो हार्डकोड केलेला आकडा काढला. तिथे आता ‘डेटा नाही’ असं दिसतं.