उद्या येतो

मराठीतलं सर्वांत टिकाऊ वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘उद्या येतो.’ सुतार, गवंडी, नळवाला आणि वायरमन या चौघांनी ते जिवापाड जपलं आहे. भिंतीचा गिलावा पडेल, रंग उडेल, नळ गळेल, पण या वाक्याला कधी ओल यायची नाही.

यावर वडीलधाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. ‘‘पूर्वी असं नव्हतं हो! पूर्वी निरोप गेला की सुतार दारात हजर!’’ हे ‘पूर्वी’ नेमकं कधी, ते मात्र कुणी सांगत नाही. पेन्शनर माणसाला वेळ भरपूर असतो. म्हणून म्हटलं, आपणच इतिहासात शिरून या ‘पूर्वी’चा पत्ता शोधावा.

तो सापडला त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या पुस्तकात आणि त्यात वर्णन केलेल्या बलुतेदारीत. बारा बलुतेदारांत सुताराचा मान मोठा. त्याने कुणब्याचे नांगर, कुळव, पाभर वर्षभर धड ठेवायचे. लाकूड कुणब्याचं, हात सुताराचे. कामागणिक पैसे नाहीत. सुगी झाली की खळ्यावर जाऊन ठरलेला धान्याचा वाटा घ्यायचा. हल्ली फ्रिजवाले ज्याला ‘ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात ना, ते हेच. फरक एवढाच की सुताराचं काँट्रॅक्ट त्याच्या जन्माबरोबरच व्हायचं. नवी बैलगाडी किंवा नवं घर निघालं तर मात्र त्याचं वेगळं द्यावं लागे. म्हणजे दुरुस्ती कशाला म्हणायचं आणि नवं काम कशाला, यावरून चालणारी घासाघीस आपल्या ब्लॉकच्या कितीतरी आधीची आहे.

आणि हा सुतार वेळेवर यायचा का? यायचा. न येऊन सांगतो कुणाला? मृगाचा पाऊस पडून गेला आणि पाभरीचा दांडा मोडलेलाच राहिला तर पेरणी हुकायची. पेरणी हुकली तर खळं रिकामं, आणि खळं रिकामं तर सुताराची चूल थंड. आमच्या बाथरूमचा दरवाजा लागला नाही म्हणून कुठल्याही सुताराची चूल आजवर थंड झालेली नाही.

खेड्यातून निघून पुण्यात यावं तर समोर शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. म्हणजे दोन वर्षांत वाडा उभा! लाकूड जुन्नरच्या रानातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा, आणि खर्च रुपये १६,११०. हा आकडा मी घरात मोठ्याने वाचला तेव्हा सौ. म्हणाली, ‘‘आपल्या ओट्याचा ग्रॅनाइट एवढ्यात आला नव्हता.’’

पण वास्तुशांत झाली म्हणजे काम संपलं, असं पेशव्यांच्याही नशिबी नव्हतं. पुढे तट चढले, दरवाजे झाले, नवनवे दिवाणखाने निघाले, सवाई माधवरावांसाठी हजारी कारंजं झालं. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीचं घर थोडं गैरसोयीचं वाटतंच. शेवटी २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि वाड्यातलं सुतारकाम त्या आगीनेच संपवलं.

त्या काळचा गवंडी ‘उद्या’ म्हणाला, तर तो चुन्याच्या वतीने बोलत असे. चुना भाजायचा, विझवायचा, गोल चरात घालून दगडी चाकाखाली बैलांकडून मळायचा, मुरवायचा आणि मग वापरायचा. कितीतरी किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीची ती चाकं अजून पडलेली दिसतात. चुन्याला घाई चालत नाही. पुढे १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, १९१४ साली आपल्याकडे पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला, आणि हळूहळू बैलांची त्या चाकरीतून सुटका झाली. सिमेंट काही तासांत धरतं. म्हणजे साहित्याने ‘उद्या’ म्हणायचं सोडलं, पण गवंड्याने ती परंपरा टिकवली.

मग आमच्या लहानपणीच्या वाड्यांत दुरुस्ती कोण करायचं? कुणीच नाही! १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या मापावर बांधून टाकली. महागाईत भाडेकरूला तो मोठाच आधार होता. पण मालक म्हणे, ‘‘एवढ्या भाड्यात खिळासुद्धा येत नाही.’’ भाडेकरू म्हणे, ‘‘वाडा तुमचा, खिळा मी का मारू?’’ दोघांचंही खरं. या दोन खऱ्या बाजूंच्या मधोमध वाडा एका टेकूवर उभा असे. तुळईखाली टेकू दिला की ती दुरुस्ती झाली असं समजत. त्या टेकूला पुढे खुंटी ठोकायची, खुंटीला पिशवी अडकवायची, आणि दहा वर्षांनी तो टेकू घरातला माणूसच होऊन जाई.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. पूर ओसरला तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे टेकूंसकट गेले होते. हजारो माणसं उघड्यावर आली. त्यानंतर शहर पेठांबाहेर पसरलं, सहकारी सोसायट्या निघाल्या, १९६३ साली मालकीच्या फ्लॅटचा कायदाही आला. पिढ्यान् पिढ्या भाड्याने राहिलेल्या माणसाला प्रथमच स्वतःच्या चार भिंती मिळाल्या, आणि मिळाल्याबरोबर त्याला त्यातली एक पाडावीशी वाटू लागली. मध्यमवर्गाच्या घरातला सुतार-गवंडी खऱ्या अर्थाने अवतरला तो इथे.

मात्र भिंत पाडणं सोपं, बांधणं कठीण. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परमिट मिळवायला खेटे घालावे लागत, आणि आलेल्या पोत्यांची राखण सोन्यासारखी करावी लागे. १९८२ साली ते नियंत्रण अर्धंमुर्धं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण गेलं. तोवर गवंड्याच्या हाती एक अजोड सबब होती, ‘‘सिमेंट आणा, मी आत्ता येतो.’’

या सगळ्या धामधुमीत सुतार मात्र आपल्या जागी शांत होता. १९५९ साली फेव्हिकॉल आलं आणि स्टोव्हवर सरस शिजवायचं त्याचं काम वाचलं. १९५६ च्या कायद्याने देशाला मीटर-सेंटिमीटर दिले. ते त्याने शाळकरी मुलांकडे सोपवले. त्याचं माप आजही सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. सरकारं आली नि गेली, सूत तसूभरही हललं नाही.

आमच्या सुतारमामांच्या कानावर पेन्सिल असते आणि तोंडात सूत. सातारकडचे. गेल्या पावसाळ्यात बाथरूमचा दरवाजा फुगला म्हणून त्यांना बोलावलं. आठव्या ‘उद्या’ला ते आले. दरवाजाकडे बघत म्हणाले, ‘‘दोन सूत मारावं लागंल.’’ रंधा चालू झाला. मी संधी साधून ‘गावगाडा’ काढला आणि म्हटलं, ‘‘मामा, पूर्वीचे सुतार निरोपासरशी यायचे म्हणे.’’

मामांनी रंधा थांबवला.

‘‘यायचे की. माझा आज्जा यायचा. ताप भरला असला तरी यायचा. न्हाई म्हणायची सोय न्हवती, सायेब. सुगीला खळ्यावर जाऊन हुभा ऱ्हायचा. मालकाच्या मनात आलं तर सूप भरून, न्हाई आलं तर पाखडून उरलेलं. गाव सोडून जाईन म्हणावं तर वतन तिथं, घर तिथं. आमचं त्यातल्या त्यात बरं. वेशीभायेरच्यांचं तर इचारूच नका.’’

मला विचारायची गरज नव्हती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं तेव्हा आमच्यासारख्यांना पहिल्यांदा उमगलं होतं, की बलुतं या शब्दाला देणाऱ्याची एक बाजू असते आणि घेणाऱ्याची दुसरी. पुस्तकातली वाक्यं मला आठवत होती; खळ्यावर उभा राहिलेला म्हातारा मात्र मी त्या दिवशी पाहिला.

‘‘आन् आता?’’ सौ.ने चहा पुढे करत विचारलं.

‘‘आता वैनी, मनात आलं तर येतो, न्हाई आलं तर उद्या येतो!’’ मामा मनापासून हसले. इतकं समाधानी हसू मी त्यांच्या तोंडावर बिल सांगतानासुद्धा पाहिलेलं नाही.

तेव्हा ‘पूर्वी’चा पत्ता असा आहे. पूर्वीचा सुतार वेळेवर यायचा, कारण त्याच्या पायात गावाने बेडी घातली होती. ती तुटली ती गाव सोडून शहर गाठल्याने आणि रोख मजुरीने, आणि बेडी तुटलेला माणूस पहिला उच्चार करतो तो ‘उद्या’चा. आपली गैरसोय होते हे खरंच. पण तिच्या आड कुणाची तरी सोय झाली आहे, हे विसरून चालणार नाही.

हल्ली मोबाईलवर बटण दाबलं की ‘दहा ते बारा’ अशी वेळ येते आणि बरोबर त्या वेळात गणवेशातला मुलगा दारात उभा राहतो. काम चोख, बोलणं अदबीचं. जाताना मात्र तो जरा काकुळतीने सांगतो, ‘‘काका, पाच तारे द्या हं, नाहीतर पुढचं काम मिळत नाही.’’ त्या वेळी मला उगाच खळं आठवतं. तारे सुपाने मोजत नाहीत, एवढाच काय तो फरक. मी पाचही तारे देतो, आणि मनात म्हणतो, बाबा रे, तुलाही एखाद्या दिवशी ‘उद्या येतो’ म्हणण्याची चैन परवडो.