प्रोस्टेट कर्करोग : हार्मोन उपचार आणि दुष्परिणामांची नोंद

तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन आहेत. रुग्णाची स्थिती लिहून ठेवण्याची हीच शिस्त प्रोस्टेट कर्करोगाच्या दीर्घ उपचारातही मोलाची ठरते.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालील ग्रंथी होय. रक्तातील पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच असे नाही. ग्रंथीची साधी वाढ किंवा संसर्ग यांनीही तो वाढतो. निदान सामान्यतः बायोप्सीनेच निश्चित होते.

या कर्करोगाची वाढ पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे इंजेक्शनांनी किंवा वृषणावरील शस्त्रक्रियेने टेस्टोस्टेरॉन घटवले जाते. काही इंजेक्शनांनी ते प्रारंभी तात्पुरते वाढते. म्हणून सोबत प्रतिरोधक गोळ्या दिल्या जातात.

अंगातून गरम वाफा येणे, थकवा, कामेच्छा मंदावणे व खिन्नता हे परिणाम रुग्णाला जाणवतात. हाडे ठिसूळ होणे, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल वाढणे मात्र सहसा जाणवत नाही. यास्तव उपचारापूर्वी हाडांची घनता, रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल व रक्तदाब यांची नोंद करून ठरावीक काळाने त्यांची फेरतपासणी करावी. नियमित चालणे व स्नायूंचा व्यायाम उपयुक्त ठरतो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

त्रास होतो म्हणून इंजेक्शन परस्पर बंद करू नये. पाठदुखीसोबत पायांतील बळ कमी झाल्यास किंवा लघवी अडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.